पुरात टिकलेलं लाकडी घर आणि आमची चकचकीत फरशी



मागच्या गणेशोत्सवात मंडळाच्या हॉलमध्ये गप्पा मारताना मी सहज म्हणाले, "आमच्या नानपुऱ्याच्या घराचा खांब बदलला." त्यावर चार-पाच जणांनी मला घेरलंच. कुणाचं रांदेरला सासर, कुणाचं गोपीपुऱ्यात भाड्याचं जुनं घर, कुणाच्या अमळनेर-चोपड्याच्या वाड्याला वाळवी लागलेली. सगळ्यांचा प्रश्न एकच : लाकडाचं जुनं घर सांभाळायचं तरी कसं? तेव्हाच संपादकताईंनी "लिहून दे" असं फर्मान काढलं. मी कॉम्प्युटरची इंजिनिअर, सुतारकामाची नाही. पण आमच्याकडून जी चूक झाली, ती तुमच्याकडून होऊ नये म्हणून हा लेख.

गोष्ट सुरू होते एका गोटीपासून.

२०२२ च्या उन्हाळ्यात मी मुलीला घेऊन माहेरी राहायला गेले होते. ती पाच वर्षांची. वरच्या माडीवर तिचा गोट्यांचा खेळ चालायचा. जमीन सागवानी पाटांची. दोन दिवसांनी ती माझ्याकडे तक्रार घेऊन आली, "मम्मी, सगळ्या गोट्या तिकडेच पळतात." मी हसले आणि विसरले. मग एका दुपारी मीच एक गोटी खोलीच्या मधोमध ठेवली. ती क्षणभर थांबली, आणि हळूहळू मधल्या खांबाकडे निघाली. चारही बाजूंनी करून पाहिलं. गोटी प्रत्येक वेळी त्याच खांबापाशी.

गवंडी वापरतात तशी पाण्याची पारदर्शक नळी आणून मोजलं. भिंतीजवळच्या जमिनीपेक्षा खांबाजवळची जमीन २८ मिलिमीटर खाली होती. म्हणजे वरची जमीन बसत नव्हती; खालचा खांबच खचत होता.

आबांचं घर

आधी घराची ओळख करून देते. आमचे आजोबा, म्हणजे आबा, १९५८ साली अमळनेरहून ताप्ती लाइनच्या गाडीनं सुरतेला आले. पालिकेच्या मराठी शाळेत शिक्षक झाले. १९६७ मध्ये त्यांनी नानपुऱ्यात हे दोन मजली घर घेतलं, तेव्हाच ते साठ-सत्तर वर्षांचं होतं. तिकडेही तापीचंच खोरं आणि इकडेही तापीच, असं आबा म्हणायचे. नदी तीच आहे म्हणजे आपण फार लांब आलो नाही.

अमेरिका-युरोपात गोल ओंडके एकावर एक रचून घरं बांधतात, तसं आपल्याकडे नाही. सुरतेच्या जुन्या घरांचा सांगाडा लाकडाचा असतो : खांब, त्यावर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर पाट. मधल्या भिंती विटांच्या. भार खांबांवर आणि तुळयांवर, भिंत जवळजवळ पडद्यासारखी. लाकूड बहुतेक डांग-वलसाडकडचा साग. गुजराती मिस्त्री आढ्याला 'मोभ' म्हणतात आणि खांबाखालच्या दगडाला 'कुंभी'. आपण त्या दगडाला तळखडा म्हणतो. हा तळखडा लक्षात ठेवा, पुढची सगळी गोष्ट त्याचीच आहे.

आबांनी घर घेतलं आणि पुढच्याच वर्षी, १९६८ च्या ऑगस्टमध्ये, तापीला मोठा पूर आला. पाणी ओसरल्यावर आबांनी जिन्याच्या खांबावर खिळ्यानं एक रेघ ओढली आणि शेजारी साल लिहिलं. ती रेघ अजून आहे.

दुसरी रेघ माझ्या डोळ्यांदेखत ओढली गेली. ऑगस्ट २००६. मी तेव्हा बारावीत. उकाई धरणातून ९ लाख क्युसेकच्या आसपास पाणी सोडलं गेलं होतं, आणि सुरतेचा बहुतेक भाग पाण्याखाली गेला होता. ज्यांनी ते दिवस पाहिलेत त्यांना वेगळं सांगायला नको. आम्ही चार दिवस माडीवर होतो. रात्री खाली पाण्यात गॅसचा रिकामा सिलिंडर खांबांवर आपटत होता, त्याचा ठक-ठक आवाज मला आजही ऐकू येतो. मला खात्री होती की घर पडणार. घर पडलं नाही.

पाणी उतरल्यावर आत वीतभर गाळ. मम्मीला वाटत होतं की लगेच सगळं धुऊन, प्लॅस्टर-रंग करून टाकावं. आबा तेव्हा ऐंशीच्या घरात होते. त्यांनी ठाम नकार दिला. गाळ काढला, गोड्या पाण्यानं खांब धुतले, भिंतींवरचा सुटलेला गिलावा खरवडून काढला आणि दारं-खिडक्या सताड उघडी ठेवली. "दिवाळीपर्यंत कुणी भिंतीला हात लावायचा नाही. घराला वाळू द्या." त्या दिवाळीला आमच्या भिंती भुंड्याच होत्या. पाहुण्यांसमोर मम्मीला फार ओशाळं वाटलं. पण घर वाळलं. नंतर आबांनी दुसरी रेघ ओढली, १९६८ च्या रेघेच्या थोडी वर.

आमची हौस

आबा २०११ मध्ये गेले. २०१४ मध्ये माझं लग्न ठरलं.

आता मी खरं ते लिहिते. नवरा आणि सासरची मंडळी अडाजणच्या नव्या फ्लॅटमध्ये राहणारी. मला आमच्या काळ्या दगडी लादीची, पोपडे आलेल्या चुन्याच्या भिंतींची लाज वाटत होती. साखरपुडा घरीच होणार होता. मी पप्पांच्या मागे लागले, "एवढं तरी नीट करू या ना!" पप्पांनी एकदाच विचारलं, "आबांनी तर कधी सिमेंट लावू दिलं नव्हतं गं…" पण लाडक्या लेकीचं लग्न. त्यांनी भविष्यनिर्वाह निधीतून पैसे काढले.

काय काय केलं ते क्रमानं सांगते, कारण प्रत्येक गोष्ट 'घराची काळजी' म्हणूनच केली होती.

जुन्या लादीवरच चार इंच भर घालून पांढऱ्या व्हिट्रिफाइड टाइल्स बसवल्या. त्यात तळखडे फरशीखाली गाडले गेले, आणि खांबाचं लाकूड थेट सिमेंटात आलं. भिंतींना चार फुटांपर्यंत सिमेंटचं प्लॅस्टर, वर प्लॅस्टिक पेंट. खांबांना तीन हात ऑइल पेंट. खांबाभोवती सुबक टाइलची पट्टी. मोरीचा नळ भिंतीतून नवा फिरवला. साखरपुड्याचे फोटो सुंदर आले. मागे दिसणारा तो चकचकीत खांब, तोच नंतर खचला.

लाकूड कशानं मरतं?

गोटीचा शोध लागल्यावर पप्पांच्या ओळखीनं एक वयस्कर मिस्त्रीकाका आले. त्यांनी खांबावर खालपासून वरपर्यंत हातोडीच्या दांड्यानं ठोकत नेलं. वर 'टण्', खाली 'डब'. मग खिशातून पोचा काढून टाइलच्या पट्टीजवळ दाबला. पोचा तीन इंच आत गेला, जणू खरवसात सुरी. पट्टी उचकटली तर आत काळपट, ओला, चौकोनी तुकड्यांत फुटलेला भुगा, आणि एका बाजूनं वाळवीचं मातीचं घर.

पप्पा खुर्चीवर बसले. म्हणाले, "पुरात बारीकशी चीरसुद्धा गेली नव्हती याला."

मिस्त्रीकाकांनी जे उत्तर दिलं ते मी वहीत लिहून ठेवलंय : "लाकडुं पाणीथी नथी मरतुं. पाणी बेसी रहे तो मरे." लाकूड पाण्यानं मरत नाही, पाणी बसून राहिलं तर मरतं.

घरी आल्यावर मी याचा अभ्यास केला, आणि काकांचं एक वाक्य शास्त्राच्या पुस्तकांशी तंतोतंत जुळलं. लाकूड सडवते ती बुरशी. तिला जगायला ओल आणि हवा दोन्ही लागतात. लाकडात वजनाच्या २० टक्क्यांपेक्षा कमी ओल असेल तर ती वाढू शकत नाही. म्हणून वाळलेलं लाकूड शतकानुशतकं टिकतं. पूर्ण पाण्यात बुडालेलं लाकूडही लवकर सडत नाही, कारण तिथं हवा नसते. सगळ्यात वाईट जागा म्हणजे मधली : जिथं थोडी हवा, थोडी ओल, आणि ओल बाहेर पडायला वाट नाही. खांब जमिनीत शिरतो ती जागा, तुळईचं टोक भिंतीत जातं ती जागा, खिडकीच्या चौकटीचा खालचा कोपरा.

२००६ मध्ये पाणी पुरुषभर होतं, पण ते आलं आणि गेलं. दगडी लादीच्या सांध्यांतून, चुन्याच्या गिलाव्यातून ओल उडून गेली. खांब तळखड्यावर उभा असल्यानं चारही बाजूंनी वाळला. २०१४ नंतर रोजच्या पोछ्याचं पाणी, मोरीच्या नळाची बारीक गळती आणि जमिनीतून वर चढणारी ओल, एवढंच होतं. पण आम्ही वर टाइल, बाजूला सिमेंट आणि अंगावर ऑइल पेंट चढवून बाहेर पडायची प्रत्येक वाट बंद केली होती. तापीचा पूर सोसलेल्या खांबाला आम्ही सात-आठ वर्षांत बादलीभर पाण्यानं खाल्लं.

वाळवीचंही तसंच. आपल्याकडची वाळवी बहुतेक जमिनीत राहते आणि ओल टिकवण्यासाठी मातीच्या नळ्या बांधत वर येते. जुन्या सागाच्या गाभ्यात असलेल्या तेलकट द्रव्यांमुळे ती त्याला सहसा तोंड लावत नाही. पण गाभ्याबाहेरचं फिकट लाकूड, आणि एकदा कुजून मऊ पडलेलं कुठलंही लाकूड तिला चालतं. तळखडा उघडा असता तर दगडावरून चढणारी नळी आम्हाला दिसली असती. टाइलखाली ती कुणाला दिसणार?

सुरतेचं आणि सागाचं नातं

"लाकडाचं घर ते, कधीतरी पडणारच," असं बरेच जण म्हणतात. मीही म्हणायचे. आता म्हणत नाही.

सुरतेचे लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये मुंबईला गेले आणि त्यांच्या घराण्यानं तिथं जहाजं बांधली. त्याच वाडियांनी १८१७ मध्ये मुंबईत मलबारी सागाचं 'एचएमएस ट्रिंकोमाली' हे जहाज बांधलं. ते आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर तरंगतंय. दोनशेहून जास्त वर्षं! नॉर्वेत बोरगुंड गावचं लाकडी चर्च साधारण ११८० च्या सुमाराचं आहे, आणि तेही सागाचं नाही, पाइनचं. ते टिकलं कारण त्याचा सांगाडा दगडी जोत्यावर उचललेला आहे, छपरं उतरती आहेत आणि पिढ्यान्‌पिढ्या लोक त्याला डांबर लावत आले आहेत. लांब कशाला, आपल्या शाहपोरमधल्या चिंतामणी पार्श्वनाथ मंदिराचे कोरीव लाकडी खांब एकदा मुद्दाम जाऊन बघा. आमलीरानमधलं कवी नर्मदांचं घरही बघा. येता-जाता आपण त्यांच्याकडे लक्ष देत नाही.

मिस्त्रीकाकांच्या शब्दांत, लाकडी घराला दोनच गोष्टी हव्यात : डोक्यावर छत्री आणि पायाखाली पाट. म्हणजे वर न गळणारं, भिंतीच्या बाहेर डोकावणारं छप्पर. आणि खाली जमिनीपासून वर उचललेलं लाकूड. बाकी सगळं त्यानंतर.

विकायचं की सांभाळायचं?

खांबाची बातमी पुण्याला दादाला कळवली. दादाचं म्हणणं सरळ होतं. "पप्पा सत्तरीला आले. उद्या वरची माडी त्यांच्या अंगावर आली तर? विकून टाकू." गल्लीतल्या दोन घरांच्या जागी सहा मजली इमारती उभ्या राहिल्याच होत्या, आणि आमच्याकडेही एक जण दोनदा विचारून गेला होता. दादा चुकीचं बोलत होता असं मला अजूनही वाटत नाही. जुन्या घराचं प्रेम लांब राहणाऱ्यानं करायचं आणि जोखीम त्यात झोपणाऱ्यानं घ्यायची, हे बरोबर नाही. मी तर पंधरा मिनिटांवर नव्या फ्लॅटमध्ये राहते.

मम्मी काहीच बोलली नाही. पप्पा एवढंच म्हणाले, "आधी कळू तर दे की किती बिघडलंय. न बघताच विकलं तर आयुष्यभर वाटत राहील."

मग आम्ही रीतसर तपासणी केली. एका स्ट्रक्चरल इंजिनिअरना बोलावलं, त्यांच्यासोबत मिस्त्रीकाका. चौदा खांब, नऊ तुळया, सगळी टोकं. ओल मोजायचं छोटं मीटर दोन हजारांच्या आत मिळतं, ते मी आणलं. त्याच्या दोन सुया लाकडात टोचल्या की आकडा दिसतो. वरच्या मजल्यावर सगळीकडे १२ ते १५. खाली तीन खांबांच्या पायाशी २६, ३१ आणि 'मोजता येत नाही'. एका तुळईचं मोरीकडचं टोक २४. बाकी घर ठणठणीत. इंजिनिअर म्हणाले, सांगाडा चांगला आहे, तीन पाय बिघडलेत. पण येत्या पावसाळ्याआधी काम करा, आणि तोवर माडीवर कुणी झोपू नका.

दादा दोन दिवस सुट्टी काढून आला. आकड्यांची यादी त्यानं शांतपणे वाचली. ठरलं असं : दुरुस्ती करायची, खर्च दोघांनी निम्मा-निम्मा, आणि पाच वर्षांनी पुन्हा बसून विचार करायचा. कायमचं काही ठरवलं नाही. मला वाटतं, त्यामुळेच ते ठरू शकलं.

दुरुस्ती कशी केली

आधी तुळईखाली दोन्ही बाजूंना लोखंडी टेके आणि जॅक लावून खांबावरचा भार काढला. तुळई एकदम उचलायची नाही. रोज दोन-तीन मिलिमीटर. २८ पैकी १८ मिलिमीटर वर आल्यावर काका थांबले. "घरडां माणसने एकदम सीधा न कराय," म्हणाले. म्हाताऱ्या माणसाला एकदम ताठ करू नये! माडीवर गोटी अजूनही थोडी पळते.

मग खांबाचा खालचा दोन फूट कुजलेला भाग कापला. पाडलेल्या घरांचं जुनं सागवान विकतात, त्यांच्याकडून त्याच जाडीचा तुकडा आणला. नवं लाकूड वाळताना आकसतं, जुनं स्थिरावलेलं असतं. वरचा आणि खालचा तुकडा लांब तिरक्या सांध्यानं, मध्ये कुसू घालून बसवला आणि न गंजणाऱ्या पोलादाच्या बोल्टनं आवळला. खाली नवा दगडी तळखडा, फरशीच्या चार इंच वर, आणि दगड-लाकडाच्या मध्ये ओल अडवणारा पातळ थर. कापलेल्या टोकांना बोरॅक्स-बोरिक ॲसिडचं द्रावण पाजलं.

खांबांभोवती हातभर टाइल काढून तिथं पुन्हा काळी लादी बसवली. खालचं सिमेंटचं प्लॅस्टर खरवडून चुन्याचा गिलावा केला. तो पूर्ण वाळायला वेळ लागतो, घाई चालत नाही. मोरीचा नळ भिंतीबाहेर घेतला, म्हणजे गळला तर दिसेल. वाळवीसाठी परवानाधारक माणसाकडून भिंतीच्या कडेनं दर फुटावर भोकं पाडून औषध सोडून घेतलं. बांधून झालेल्या इमारतींसाठी भारतीय मानकच आहे, आयएस ६३१३ भाग ३. त्याप्रमाणे काम करणार का, हे आधी विचारून घ्या. त्या दोन दिवसांत मुलांना घरात ठेवू नका.

खर्च सगळा मिळून दोन लाख चाळीस हजार. २०१४ च्या नूतनीकरणाला त्याहून जास्त लागले होते.

घराची वही

आम्ही सॉफ्टवेअरवाले एक गोष्ट शिकलेलो असतो : प्रोग्रॅम लिहिण्यापेक्षा तो चालू ठेवण्यात जास्त आयुष्य जातं, आणि कुणी नोंद ठेवली नसेल तर पुढचा माणूस तीच चूक पुन्हा करतो. आबांना ओल कळत होती, पण त्यांनी 'सिमेंट लावायचं नाही' एवढंच सांगितलं. 'का' ते सांगितलं नाही, आणि आम्ही विचारलं नाही. म्हणून आता घराची एक वही केली आहे. वर्षातून दोनदा, आखाजीला आणि देवदिवाळीला, मीटर आणि टॉर्च घेऊन फिरायचं आणि लिहायचं.

आखाजीला, म्हणजे पावसाआधी :

• कौलं फिरवून घ्या. फुटकं एक कौलही वाशाचं टोक कुजवतं. पन्हळीतला पाचोळा आणि कबुतरांची घरटी काढा.
• भिंतीत किंवा गच्चीच्या कडेला उगवलेली पिंपळाची रोपं बोटाएवढी असतानाच मुळासकट काढा.
• बाहेरच्या लाकडाला उकळवलेलं जवसाचं तेल (रंगाच्या दुकानात 'बेलतेल' मागा) थोडं टर्पेंटाइन मिसळून पातळ हातानं लावा. ते लाकडात मुरतं, वर जाड साल धरत नाही. जास्तीचं पुसून काढा.
• एसीच्या पाण्याची नळी कुठं ठिबकते ते बघा. सुरतेत जुन्या कोरीव हस्तांवर हे पाणी वर्षभर पडताना मी पाहिलंय.

देवदिवाळीला, म्हणजे पावसानंतर :

• प्रत्येक खांबाच्या पायाशी आणि तुळईच्या टोकाशी मीटर लावा. १५-१६ पर्यंत ठीक. २० च्या वर गेलं तर पाणी कुठून येतंय ते शोधा. आधी पाणी बंद, मग औषध, मग रंग. हा क्रम उलटा करू नका.
• ठोकून आवाज ऐका. रंगाला फुगे, दार ऐन उन्हाळ्यातही अडकणं, जमिनीचा उतार, ही सगळी लक्षणं आहेत.
• मातीची नळी दिसली तर वाळवी. बारीक भोकं आणि खाली पिठासारखा भुगा दिसला तर भुंगेरे. दोघांची औषधं वेगळी.
• भिंतीला लागून साड्यांची पार्सलं, पुठ्ठ्याची खोकी ठेवू नका. आपल्यापैकी अनेक घरांत टिकी-लेसचं काम चालतं म्हणून मुद्दाम लिहिते. भिंत आणि माल यांत वीतभर फट ठेवा. वाळवी तिथंच लपते.

आणि आग. सुरतेनं १८३७ च्या एप्रिलमध्ये अशी आग पाहिली की शहराचा मोठा भाग जळून गेला. पुण्याचा शनिवारवाडा १८२८ मध्ये जळाला. जपानमधल्या होर्युजी मंदिरातली मौल्यवान भित्तिचित्रं १९४९ मध्ये जळाली, तीही तिथं जतनाचं काम चालू असताना. जाड सागाची तुळई लगेच कोसळत नाही. बाहेरून कोळसा होत मिनिटाला अर्धा-पाऊण मिलिमीटर जळत जाते. धोका असतो तो पातळ पाटांचा, पडद्यांचा आणि जुन्या वायरिंगचा. आम्ही सगळं वायरिंग बदलून एमसीबी आणि आरसीसीबी बसवले, एसीला स्वतंत्र लाइन दिली, दोन मजल्यांवर दोन अग्निशामक ठेवले. आणि एक महत्त्वाचं : जवसाच्या तेलानं भिजलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. पाण्यात बुडवा किंवा मोकळ्यावर पसरून वाळवा.

शेवटचं पान

काम संपल्यावर पप्पा नव्या तळखड्याजवळ पाट टाकून बसले होते. मला म्हणाले, "मीच फरशी बसवली बघ. आबांना काय वाटलं असतं!" मी म्हटलं, "पप्पा, मागितली मी होती." त्यावर आम्ही दोघंही काही बोललो नाही. मम्मीनं आतून विचारलं, चहा कुठं घेणार, वर की खाली? पप्पा म्हणाले, "वर." किती तरी महिन्यांनी ते माडीवर चढले.

यंदाच्या आखाजीची नोंद माझ्या मुलीच्या अक्षरात आहे. ती आता दुसरीत आहे आणि मीटर तिच्याच हातात असतं. मधला खांब : १४. मोरीचं टोक : १७, 'लक्ष ठेवणे'. दादा दर वेळी पुण्याहून फोटो मागतो आणि आकडे स्वतःच्या एक्सेलमध्ये भरतो. पाच वर्षं पुरी व्हायला अजून वेळ आहे. तेव्हा काय ठरेल, मला माहीत नाही. पण जे ठरेल ते घर बघून ठरेल.

मीटर वर्षातले ३६३ दिवस कपाटातच पडून असतं. मंडळातल्या कुणाला हवं असेल तर गुरुवारच्या भजनाला मी येतेच, तेव्हा मागून न्या. फक्त परत आणताना तुमच्या घराचे आकडे मला सांगा.